काटा खाली आला आणि इंजिन बसलं!
(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मित्रहो, दुसऱ्या वर्षाच्या व्हायव्हामध्ये सरांनी मला एक प्रश्न विचारला होता, "इंजिनमध्ये कूलिंग सिस्टिम का असते?" मी छातीठोकपणे उत्तर दिलं, "सर, इंजिन थंड ठेवण्यासाठी!" सर हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे, पण अर्धंच." उरलेलं अर्धं उत्तर मला गेल्या मे महिन्यात मिळालं, भर दुपारी, कारंज्याहून आमच्या गावी इंझोरीला येताना. त्या उत्तराची फी बाबांनी भरली.

होस्टेलमधल्या निम्म्या मित्रांच्या घरी एखादी जुनी गाडी आहेच. ती एक ना एक दिवस गरम होणार. तेव्हा काय करावं, काय करू नये, "इंजिन गेलं" असं कुणी म्हटलं तर त्यातलं खरं किती, आणि घरच्या अंगणात त्यातलं किती काम जमतं, हे सांगण्यासाठी हा लेख. प्रताप माझेच असल्यामुळे थोडं आत्मचरित्र होईल, ते सांभाळून घ्या.

नेमकं झालं काय?

आमच्या घरी २००८ सालची मारुती ८०० आहे. बाबांनी ती जुनीच घेतली, तुरीच्या पैशातून. पंधरा वर्षं झाल्यावर वाशीमला जाऊन नोंदणीचं नूतनीकरणही करून घेतलं. आमच्या गल्लीत चारचाकी अशी ती एकच. त्यामुळे ती जितकी आमची तितकीच शेजारपाजारची. कुणाला रात्री कारंज्याच्या दवाखान्यात न्यायचं असलं की पहिला आवाज आमच्या दारात येतो.

त्या दिवशी मी एकटाच होतो. गाणी लावली होती. अर्ध्या रस्त्यात पाहिलं तर टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्याला टेकलेला. थांबायला हवं होतं, पण सावली नव्हती. म्हटलं, पुढे एखादं झाड पाहून थांबू. दोनेक मिनिटांनी परत पाहतो तर काटा आपोआप खाली आलेला! मी खूश. वाटलं, वारा लागला, इंजिन थंड झालं. गाणं बदललं आणि तसाच पुढे निघालो.

थोड्याच वेळात गाडीची ओढ गेली. टक टक असा आवाज सुरू झाला आणि एक आचका देऊन इंजिन बंद पडलं. बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा खालचा पाइप फाटलेला आणि पाण्याचा थेंबही शिल्लक नाही.

मग काटा खाली का आला? मित्रहो, या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे आहे : काटा इंजिनचं तापमान दाखवत नाही, तो पाण्याचं तापमान दाखवतो. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच त्याच्या आकड्याला अर्थ आहे. पाणी गेलं की तो वाफेत किंवा नुसत्या हवेत लटकतो. हवा त्याला पाण्याइतकी उष्णता देऊ शकत नाही, म्हणून काटा खाली येतो. म्हणजे मी ज्याला 'थंड झालं' समजलो, ते 'पाणी संपलं' होतं. लालवरून अचानक खाली आलेला काटा ही आनंदाची बातमी नाही. जागच्या जागी गाडी बंद करण्याची ती शेवटची सूचना आहे.

ट्रॅक्टरला बांधून गाडी घरी आणली. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "काटा खाली आला म्हणतं, पन पानी होतं काय त्याच्यात?" त्यांनी रागावलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

आजोबांचा थर्मामीटर

इथे थोडं मागे जावं लागेल. आमच्या विहिरीवर पूर्वी डिझेलचं ऑइल इंजिन होतं. महाराष्ट्रात या इंजिनांचा इतिहास मोठा आहे. व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. विजेचे पंप येण्याआधी अशा इंजिनांवरच कितीतरी विहिरींचं पाणी शेताला लागलं. इंजिन बिघडलं तर ते शहरात न्यायची सोय नव्हती. बांधावरच खोलायचं, बांधावरच जोडायचं. घरच्या घरी इंजिनचं काम करणं हे खेड्याला नवीन नाही.

आमच्या त्या इंजिनला रेडिएटर नव्हता. पंपाचंच थोडं पाणी इंजिनातून फिरून एका बारीक नळीने बाहेर पडायचं. आजोबा अधूनमधून त्या धारेखाली हात धरत. कोमट असलं तर ठीक. चटका बसला तर इंजिन बंद. आणि धारच थांबली तर तापमान पाहत न बसता आधी इंजिन बंद. काटा नव्हता, पण पाणी आहे की नाही हे त्यांना दर वेळी डोळ्यांनी दिसायचं. माझ्याकडे काटा होता आणि नेमकं तेच दिसलं नाही! "आधी ऐक, मंग उघड," असं ते म्हणायचे. पुढच्या अकरा दिवसांत हे वाक्य फार उपयोगी पडलं.

हेड वाकतं म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी ओळखीचे एक मेकॅनिक येऊन पाहून गेले. त्यांचं निदान दोन मिनिटांत झालं, "इंजिन बसलं भाऊ. दुसरं टाका. जुनं इंजिन आनि मजुरी धरून अठ्ठावीस हजार." त्यांचा अंदाज काही खोडसाळ नव्हता, अशा बऱ्याच गाड्यांचं तेच होतं. पण ते आम्हाला परवडणारं नव्हतं, आणि मलाही ते पटत नव्हतं. कारण अजून कुणी काही मोजलंच नव्हतं.

आधी थोडी थिअरी पाहू. आमच्या गाडीचा सिलिंडर ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. एक अंश सेल्सिअसला अ‍ॅल्युमिनियम साधारण दहा लाखात २३ भाग वाढतं, तर बीड ११ भाग, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तीनशे मिलिमीटर लांबीचं हेड धरा. नेहमीपेक्षा शंभर अंश जास्त तापलं तर अ‍ॅल्युमिनियम ०.६९ मि.मी. वाढू पाहतं आणि खालचा ब्लॉक फक्त ०.३३ मि.मी. हेडला तर बोल्टांनी घट्ट बांधून ठेवलेलं. लांब व्हायला जागा नाही, म्हणून ते कमान होऊन वाकतं. हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट (आपल्याकडे पॅकिंग म्हणतात) तिथे ढिलं पडतं. मग जळता वायू एका सिलिंडरमधून दुसऱ्यात जातो किंवा पाण्याच्या वाटेत घुसतो, आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. 'हेड बेंड झालं, गॅस्केट उडालं' म्हणतात ते हेच.

इथे व्हायव्हाच्या उत्तराचा उरलेला अर्धा भाग सांगतो. कूलिंग सिस्टिम इंजिन नुसतं थंड करत नाही, ती ते सगळीकडे सारखं ठेवते. एका जागी जास्त आणि दुसऱ्या जागी कमी तापलं की धातू वाकतो. म्हणूनच गरम इंजिनवर थंड पाण्याची बादली ओतू नये. वाकलेलं हेड त्याने तडकूही शकतं. आणि रेडिएटरचं झाकण तर गरम असताना मुळीच उघडू नये. झाकणामुळे आत वातावरणाच्या वर साधारण ०.९ बार दाब असतो, त्यामुळे पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण काढलं की दाब एकदम उतरतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

न उघडता केलेल्या चार चाचण्या

'आधी ऐक' म्हणजे इंजिनला हात लावण्याआधी त्याला प्रश्न विचारायचे. मी चार विचारले.

पहिला, इंजिन फिरतं का? तिन्ही स्पार्क प्लग काढले, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवून पाहिलं. सुरुवातीला जड गेलं, मग पूर्ण फेरा झाला. म्हणजे पिस्टन सिलिंडरला चिकटून बसलेले नव्हते. 'इंजिन बसलं' हे निदान इथेच अर्धं खोटं ठरलं. प्लग न काढता स्टार्टर मारू नये, हेही लक्षात ठेवा. सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुसरा, ऑइल कसं आहे? डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग दिसला, म्हणजे पाणी ऑइलमध्ये मिसळलंय. गॅस्केट गेल्याचा हा ठळक पुरावा.

तिसरा, ऑइलमध्ये धातू आहे का? ऑइल खाली काढून आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळलं. बेअरिंग गेली असती तर तांबूस-चंदेरी चकाकी फडक्यावर दिसली असती. ती नव्हती. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

चौथा आणि सगळ्यात बोलका, कॉम्प्रेशन किती? कारंज्याच्या एका गॅरेजवाल्या काकांनी गेज दोन दिवसांसाठी दिलं. इंजेक्टरचे आणि इग्निशनचे कनेक्टर काढून ठेवले, म्हणजे पेट्रोल उडणार नाही आणि ठिणगी पडणार नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर मारायचा. आमची बॅटरी थकलेली, म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीची जोड दिली, दोन्ही बारा व्होल्टच्या असतात. आकडे आले : पहिला सिलिंडर ११, दुसरा ५, तिसरा ५ (किलो प्रति चौ. सें.मी.).

मग प्रत्येकात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. ही 'ओली' चाचणी. ऑइल पिस्टन रिंगभोवतीच्या फटी थोडा वेळ बुजवतं. आकडा वाढला तर दोष रिंगांचा. नाही वाढला तर गळती वर, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये. आमचा आकडा जेमतेम हलला. शिवाय शेजारशेजारचे दोनच सिलिंडर सारखेच कमी होते. याचा सरळ अर्थ, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधलं गॅस्केट फुटलंय आणि दोघं एकमेकांत श्वास घेताहेत.

चार चाचण्यांचा खर्च जवळजवळ शून्य. आणि अठ्ठावीस हजारांचं निदान बदललं!

दुरुस्ती की बदली?

थोडक्यात हिशोब असा. ब्लॉकला तडा गेला असेल, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल किंवा क्रँक खोलवर ओरखडला असेल, तर घरी डोकं लावण्यात अर्थ नाही. तेव्हा इंजिन बदलणं किंवा चांगल्या मशीन शॉपकडून पूर्ण काम करून घेणं, हे दोनच मार्ग. सिलिंडर घासले असतील तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन बसतात. तेही काम मशीन शॉपचंच. पण दोष फक्त हेड आणि गॅस्केटपुरता असेल, तर खालचं इंजिन न काढता काम होतं.

'जुनं इंजिन टाकलं की झंझट मिटली' असं वाटतं. पण जुन्या बाजारातलं इंजिन कशामुळे निघालं, हे आपल्याला माहीत नसतं. ते अशाच एखाद्या माझ्यासारख्याने तापवलेलं असू शकतं! म्हणजे या चारही चाचण्या तिथेही कराव्याच लागतात.

शिवाय कागदपत्रं. आरसी बुकात इंजिन नंबर असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं तर नोंदणी अधिकाऱ्याला चौदा दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी इंजिनची पावती हवी. नंबर जुळला नाही तर विम्यापासून गाडीच्या विक्रीपर्यंत सगळीकडे अडतं, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर विचारायलाच नको.

घरच्या कारागिरीचं कौतुक आणि कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांपासून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं. पण त्याच वेळी, ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाईल, हेही सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. प्रत्येकाला काही बोलेरो मिळणार नाही! म्हणून इंजिन बदलणार असाल तर आधी आरटीओ, मग पाना.

अंगणातलं काम

मी दुरुस्ती ठरवली. बाबा म्हणाले, "पाह्य बा, तुलेच जमते का ते." नाही म्हणाले नाहीत, एवढं मला पुरे होतं.

आधी कॉलेजला आलो. वर्कशॉपच्या सरांना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी काट्याबद्दल दोन शब्द सुनावले आणि टॉर्क रेंच, स्ट्रेट एज आणि फीलर गेज सही घेऊन दिलं. जाताना म्हणाले, "टॉर्क रेंच परत आण, आणि आकडे लिहून आण." हा लेख म्हणजे त्या आकड्यांचीच वही आहे.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलमध्ये फोटो. पुठ्ठ्यावर हेडचं चित्र काढून त्यात भोकं पाडली आणि जो बोल्ट जिथला तिथेच खोचून ठेवला. शेवटी दोन बोल्ट 'जास्तीचे' उरण्याची जी प्रथा आहे, ती याने मोडते. टायमिंग बेल्ट काढण्याआधी पुलीवरच्या खुणा जुळवून त्यांचाही फोटो घेतला. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असतानाच, बाहेरून आत, थोडे थोडे करून ढिले केले. एकदम एकच बोल्ट काढला तर चांगलं हेडही वाकतं.

हेड निघालं. गॅस्केट दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये जळून काळं झालेलं, गेजने सांगितलं होतं अगदी तिथेच! पेपरला बसण्याआधीच उत्तर माहीत असावं तसं वाटलं. सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवलं. कुठे अडलं नाही. होनिंगच्या आडव्या-तिरक्या बारीक रेघा अजून दिसत होत्या. मग हेडवर स्ट्रेट एज ठेवून खाली फीलर गेजची पाती सरकवली. मधोमध ०.१२ मि.मी.ची पाती गेली. ०.०५ पर्यंत चालतं. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षा किंचित जास्त वाक, आणि त्यापायी गाडी अंगणात उभी!

इथे घरचं काम संपतं. काचेवर पॉलिश पेपर लावून हेड घासणारे लोक आहेत, पण हाताने सपाटी राखणं कठीण. पोत्यात गुंडाळून हेड कारंज्याहून एसटीने अकोल्याला नेलं. कंडक्टरने विचारलं, "काय आहे पोत्यात?" म्हटलं, "हेड." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी लगेच पोतं उघडून दाखवलं. अकोल्याच्या मशीन शॉपमध्ये आधी हेड पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने तडा आहे का ते तपासलं. नव्हता. मग फेसिंग केलं, ०.१५ मि.मी. काढलं, आणि व्हॉल्व्ह लॅपिंग करून घेतलं.

फेसिंग शक्य तितकं कमी का करायचं, याचं गणित परीक्षेलाही उपयोगी पडेल. या इंजिनचा बोअर ६८.५ मि.मी. आणि स्ट्रोक ७२ मि.मी. एका सिलिंडरचं आकारमान २६५.३ सीसी, तिन्ही मिळून ७९६ सीसी. कॉम्प्रेशन रेशो ८.७ धरला तर वरची जागा ३४.५ सीसी. बोअरचं क्षेत्रफळ ३६.८५ चौ. सें.मी., त्याला ०.१५ मि.मी.ने गुणा. जास्तीत जास्त ०.५५ सीसी जागा कमी होते आणि रेशो ८.८ पर्यंत जातो. एवढं चालतं. पण दर वेळी गाडी तापवून फेसिंग करत गेलो तर रेशो वाढत जाऊन इंजिन नॉक करायला लागेल. हेडला जन्म मोजकेच असतात.

जोडताना घ्यायची काळजी

ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी राहू देऊ नका. बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉक तडकू शकतो. गॅस्केट नवीनच, कोरडंच, आणि वरची खूण वरच. बोल्ट आता उलट क्रमाने, मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळायचे. शेवटचा आकडा आपल्याच गाडीच्या मॅन्युअलमधला घ्यायचा, कुणाच्या अंदाजाने नाही. 'हाताला कळतं' असं म्हणणारे कसलेले मिस्त्री असतात, मला ते कळत नाही हे मला माहीत आहे.

टायमिंगच्या खुणा जुळवून बेल्ट चढवला आणि स्टार्टर मारण्याआधी इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवलं. पहिल्यांदा खुणा एक दात मागे आल्या! बेल्ट ताणताना पुली सरकली होती. परत काढून परत बसवला. हाताने न फिरवता थेट किल्ली मारली असती तर गाडी नीट चाललीच नसती आणि दोष कुठे आहे ते शोधत बसलो असतो.

नवीन ऑइल, नवीन फिल्टर, नवे पाइप, नवा थर्मोस्टॅट. आणि विहिरीच्या पाण्याला कायमची सुट्टी! आमच्याकडचं पाणी जड. त्यातल्या क्षारांचा थर आतल्या बाजूला बसतो आणि तो थर उष्णता अडवतो. फाटलेला पाइप हे तात्कालिक कारण होतं, पण वर्षानुवर्षं तांब्याने ओतलेलं पाणी हे खरं कारण. ती चूक आमची सगळ्यांची. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

सुरक्षेच्या चार गोष्टी : नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, खाली भक्कम ठोकळे द्या. बंद गोठ्यात किंवा गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलच्या पाइपाजवळ बिडी-काडी नको. आणि जळकं ऑइल नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

शेवटी

आठव्या रात्री, हेड अकोल्याला असताना, आमच्या दारात आवाज आला. शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. बाबा उठून बाहेर गेले आणि परत आले. गाडी अंगणात उघड्या छातीने पडलेली. शेवटी गावातली एक मालवाहू पिकअप मिळाली आणि सगळं सुखरूप झालं. पण त्या अर्ध्या तासात मी ओट्यावर बसून होतो, ते मी विसरणार नाही. मी एका काट्याकडे चुकीचं पाहिलं, त्याची किंमत कुणालाही द्यावी लागली असती.

अकराव्या दिवशी किल्ली फिरवली. पांढरा धूर निघाला, नंतर निवळला. शंभरेक किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदललं, कारण आत पाण्याचा अंश राहिलेला असतो. कॉम्प्रेशन आलं ११, १०.५, १०.५. एकूण खर्च सात हजारांच्या आत. खोटं कशाला सांगू, गाडी आता पूर्वीपेक्षा थोडं जास्त ऑइल पिते. रिंगांनी तो उन्हाळा सोसलाय आणि कधीतरी त्यांचं काम निघेलच. पण ते केव्हा काढायचं, हे आता अंदाजाने नाही, गेजने ठरेल.

टॉर्क रेंच सरांना परत केला, आकड्यांसह. सरांनी वही चाळली आणि विचारलं, "आता सांग, काटा काय दाखवतो?" म्हटलं, "पाण्याचं तापमान, सर. पाणी असेल तर."

होस्टेलला निघण्याच्या सकाळी पाहिलं, तर बाबा बॉनेट उघडून उभे होते. इंजिन थंड होतं. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं, ओलं बोट मला दाखवलं आणि म्हणाले, "हाय पानी. जा आता."

मित्रहो, सुट्टीत घरी गेलात की गाडी सुरू करण्याआधी एवढं नक्की करा.